खेकडा काही जोडला जाईना

कंट्रोलर या वस्तूला आपल्या भाषेत काय म्हणावं, यावरून कुरिअर फोडल्या फोडल्या आमच्या घरात वाद झाला. मी म्हणालो, नियंत्रक. बायको म्हणाली, नियंत्रक तुमच्या ऑफिसात असतात आणि त्यांना एवढी बटणं नसतात. मग तिने ती वस्तू दोन बोटांत धरून खोक्यातून बाहेर काढली, तिचे दोन्हीकडे लोंबणारे जाडजूड पाय पाहिले, वर ताठ उभ्या राहिलेल्या डोळ्यांसारख्या दोन दांड्या पाहिल्या आणि "खेकडा आहे हा," असं म्हणून ती टेबलावर ठेवून दिली. त्यानंतर आमच्या घरात त्याला दुसरं नाव कुणी घेतलं नाही.

खेकडा लेकीने पाठवला होता. ती नोकरीसाठी लांबच्या शहरात राहते. घरात तिला बुटकी म्हणतात. आता ती माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे, पण घरातलं नाव बदलण्याची काही सोय नसते. बुटकी आईशी फोनवर तासन् तास बोलते. माझ्या हातात फोन आला की संभाषण असं होतं: "जेवलीस का?" "हो." "काय जेवलीस?" "जेवण." "मग ठेवू?" "ठेव." यात कुणाचं काही बिनसलेलं नाही. प्रेम दोन्ही बाजूंनी भरपूर आहे, फक्त विषय नाही.

विषय तिनेच शोधून काढला. कॉम्प्युटरवरचा एक खेळ. त्यात एक नदी असते, एक होडी असते आणि होडीत दोन माणसं असतात. एकाच्या हातात डावं वल्हं, दुसऱ्याच्या हातात उजवं. ती तिच्या खोलीत बसून एक वल्हं मारणार, मी माझ्या खोलीत बसून दुसरं, आणि दोघांनी मिळून ती होडी दगडधोंड्यांतून खाली न्यायची. दर रविवारी सकाळी. मी आधी कीबोर्डवर वल्हवून पाहिलं. होडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरत राहिली. शेवटी बुटकी म्हणाली, "बाबा, थांब, मला मळमळतंय." म्हणून खेकडा.

"सोपं आहे," ती फोनवर म्हणाली. "मधलं बटण दाबून धर. दिवा लुकलुकायला लागला की कॉम्प्युटरमध्ये जाऊन नवीन उपकरण जोड."

दिवा लुकलुकला. पण आमच्या कॉम्प्युटरला असं काही जोडता येतं हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. तो बुटकी शाळेत असताना घेतलेला, आणि वायरीशिवाय कुणाशी संबंध ठेवण्याचे संस्कार त्याच्यावर झालेले नव्हते. मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने वर्णन ऐकून विचारलं, "चालतो अजून?" एखाद्याच्या फार म्हाताऱ्या आत्याची चौकशी करावी तसा सूर होता. मग त्याने नखाएवढा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "हा डोंगल. मागे खोचा. आजूबाजूचं सगळं दिसायला लागेल."

दुकानदार शब्दाचा पक्का निघाला. डोंगल खोचला आणि आजूबाजूचं खरोखरच सगळं दिसायला लागलं. कुणाचा टीव्ही, कुणाचे इअरफोन, आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या दातांच्या डॉक्टरांचा वजनकाटा. डॉक्टर इमारतीत सगळ्यांना सांगत असतात की वजन हा मनाचा खेळ आहे, आपण कधी बघतच नाही. मी ती माहिती मनात जपून ठेवली. यादीच्या तळाशी आमचा खेकडाही दिसला. मी त्याच्यावर टिचकी मारली. 'जोडले', असं पडद्यावर आलं. मी बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत 'जोडणी तुटली' असं झालं होतं. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. बायको काही वेळ उभी राहिली. "हे असंच चालतं का?" असं विचारून ती कामाला गेली. ती एका इस्पितळाच्या औषधविभागात असते, तिथे औषध दिलं की दिलं, मध्येच परत येत नाही.

त्या आठवड्यात मला कळलं की इमारतीत ज्याला त्याला यातलं कळतं.

पहिले आले डॉक्टर. हातात चहाचा कप घेऊनच आले, कारण त्यांना सल्ला देताना काहीतरी हातात लागतं. त्यांनी खेकड्याला दिव्याखाली आडवं केलं, उलटं केलं, आणि आता तो 'आ' करील अशा अपेक्षेने त्याच्याकडे पाहिलं.

"लोक वरवर सिमेंट भरतात आणि मग महिन्याने ओरडत येतात," ते म्हणाले. "मुळाशी जायला पाहिजे. कॉम्प्युटरच्या आत जे जुनं सडलेलं आहे ते सगळं काढा. एकदा जागा साफ झाली की नवीन आपोआप बसेल."

"सगळं?"

"शंका असेल ते काढायचं. शंका नसेल तेही एकदा हलवून बघायचं."

मी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन एक एक काढत गेलो. प्रत्येक वेळी तो विचारायचा, तुमची खात्री आहे का, आणि मी डॉक्टरांकडे बघून 'हो' दाबायचो. एका 'हो'नंतर माऊस गेला. पुढच्या 'हो'नंतर कीबोर्ड गेला. त्यानंतर पडद्यावर आणखी एकदा 'तुमची खात्री आहे का' असा प्रश्न आला आणि मला प्रथमच खात्री नव्हती, पण ते सांगायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "थोडा वेळ बधिर राहील," आणि कप घेऊन गेले. बुटकीने फोनवर सांगितलं, बंद करून चालू कर. चालू केल्यावर सगळं परत आलं. सडलेलंही.

मग मी खेकडा बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात आहे. नळाला पाणी आलं नाही, जास्त आलं, पिवळं आलं, की लोक मला फोन करतात आणि मी त्यांना शांत करतो. पाणी सोडणं न सोडणं माझ्या हातात नाही. माझ्या हातात फक्त आवाज आहे. इमारतीत मला 'तक्रारवाले' म्हणतात, आणि त्यात मी थोडा अभिमानही मानत आलो आहे.

मदतकेंद्रातल्या मुलीने माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. "आपली अडचण मी समजू शकते," ती म्हणाली. मी खुर्चीत सावरून बसलो. हे वाक्य मी रोज म्हणतो, पण 'समजू' वर असा हलकासा जोर द्यायचं मला सुचलं नव्हतं. मग ती म्हणाली, "आपल्याकडे बॅटरी नवीन आहे ना?" आता, दोष त्यांचा नसून आपला असावा ही शक्यता इतक्या मायेने पुढे ठेवणं म्हणजे सोपं काम नाही. आमच्या विभागात आम्ही सरळ 'तुमचाच नळ बंद असेल' म्हणतो. मी तिला विचारलं की तक्रार वरिष्ठांकडे कधी जाईल. ती म्हणाली, "ती गेलेलीच आहे." मला इतका आदर वाटला की मी आभार मानून फोन ठेवला. बायकोने विचारलं, काय म्हणाली? तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती काहीच म्हणाली नव्हती.

आणि मग सेक्रेटरी आले.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बरोबर आमच्या डोक्यावर राहतात. त्यांचा स्वभाव तपासाचा. जिन्यात चपलेचा ठसा दिसला तरी ते आधी सर्व चपला पाहतात आणि मग मत बनवतात. ते आपला लॅपटॉप काखेत मारून खाली आले.

"एकेक गोष्ट वगळत जायचं," ते म्हणाले. "दोष खेकड्यात आहे की तुमच्या कॉम्प्युटरात? खेकडा माझ्या लॅपटॉपला जोडून बघू."

त्यांनी मधलं बटण दाबलं. दिवा लुकलुकला आणि लगेच स्थिर झाला. जोडला गेला. एका झटक्यात. आमच्याकडे आठवडाभर उंबऱ्यावर घुटमळणारा तो प्राणी परक्याच्या घरात बिनधास्त जाऊन बसला. सेक्रेटरी एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी इंटरनेटवरून एक छोटा प्रोग्राम उतरवून घेतला. त्या प्रोग्राममुळे खेकड्याची दांडी हलवली की लॅपटॉपच्या पडद्यावरचा बाण हलायचा आणि बटण दाबलं की टिचकी बसायची, अगदी माऊससारखी. शिवाय लॅपटॉपवरून एक कळ दाबली की खेकडा थरथरत घरघरायचा. ते त्यांनी आम्हाला बऱ्याच वेळा करून दाखवलं.

"खेकडा निर्दोष आहे," त्यांनी निकाल दिला. "दोष तुमच्याकडे." आणि 'तुमच्याकडे' म्हणताना त्यांनी कॉम्प्युटरकडे बघायला हवं होतं, माझ्याकडे नाही. जाता जाता दारात वळून म्हणाले, "रविवारी सकाळी सभा आहे, विसरू नका. हॉलला रंग चाललाय म्हणून सगळ्यांनी आपापल्या घरून ऑनलाइन. बाकाचा विषय आहे."

बाकाचा विषय म्हणजे असा. इमारतीच्या आवारात एक सिमेंटचा बाक आहे. संध्याकाळी त्यावर बायका बसतात, पुरुष बसतात, आणि जे जागेवर नसतील त्यांच्याबद्दल बोलतात. बाक सेक्रेटरींच्या खिडकीखाली येतो. त्यांना तो काढून टाकायचा होता. बाकी कुणालाच तो काढायला नको होता, पण सेक्रेटरींसमोर बोलायला उभं राहायचं म्हणजे त्यांच्याकडे उत्तर तयारच असतं. माणूस तोंड उघडायच्या आधीच त्याला काय म्हणायचं आहे हे त्यांना कसं कळतं, याचं सगळ्यांनाच नवल वाटे.

रविवार आला. सभा आणि होडी एकाच वेळी. मी बायकोला म्हणालो, "तू स्वयंपाकघरात फोनवर सभेला बस. घरातून एक जण पुरे." ती म्हणाली, "तुम्ही कधी पुरे होतात?" आणि फोन डब्याला टेकवून उभा केला.

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. माझा फोन टेबलावर, त्यात बुटकी. मी मधलं बटण दाबलं. दिवा लुकलुकला. आणि स्थिर झाला.

मी श्वास रोखून वाट पाहिली. दिवा स्थिरच. "बुटके," मी म्हणालो, "लागला."

"खरंच? मग हलव."

मी दांडी हलवली. पडद्यावर होडीत माझा माणूस हातात वल्हं धरून बसला होता तसाच बसून राहिला. मी बटणं दाबली. एकेक दाबली, मग दोन दोन दाबली. दिवा तर चकाकत होता. "जोरात हलव, बाबा, गोल फिरव," बुटकी म्हणाली. मी गोल फिरवलं. काही नाही.

स्वयंपाकघरातून सेक्रेटरींचा आवाज येत होता. "तर बाकामुळे होणाऱ्या उपद्रवाचे प्रकार आता पडद्यावर... एक मिनिट... हे... माझा बाण कुठे... एक मिनिट."

मी सगळी बटणं एकदम दाबली.

बायको दारात आली. हातात तिचा फोन होता. फोनवर सभा चालू होती आणि सेक्रेटरींनी आपल्या लॅपटॉपचा पडदा सगळ्यांना दाखवायला लावलेला होता. "सेक्रेटरींच्या लॅपटॉपला काहीतरी झालंय," ती म्हणाली. "बाण माशीसारखा फिरतोय. बाकाचा फोटो आला आणि बंद झाला."

"फिरू दे," मी म्हणालो. "माझं इथे काही चालत नाही," आणि वैतागून दांडी उजवीकडे ढकलली.

बायकोने फोनकडे पाहिलं. मग माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. "डावीकडे करा बघू," ती म्हणाली.

मी डावीकडे केली. तिने फोन माझ्यासमोर धरला. सेक्रेटरींच्या पडद्यावरचा बाण डावीकडे गेला. मी वर केली. बाण वर गेला.

खेकड्याला आमचं घर माहीतच नव्हतं. त्याला त्या दिवशी सेक्रेटरींच्या लॅपटॉपात मनासारखं घर मिळालं होतं आणि तो लॅपटॉप चालू झाल्याबरोबर तो छतातून थेट तिथे गेला होता. आमच्या दोघांच्या डोक्यात हे एकदमच शिरलं. मी खेकडा खाली ठेवणार होतो. देवाशपथ ठेवणार होतो. पण ठेवताना अंगठा बटणावर पडला, आणि सेक्रेटरींच्या पडद्यावर एक व्हिडिओ उघडला.

व्हिडिओत सेक्रेटरी स्वतःच होते. आपल्या बैठकीच्या खोलीत, बनियनवर, आरशासमोर उभे. बाजूला सोफ्यावर त्यांच्या बायकोचे पाय दिसत होते. "मग डॉक्टर उठतील," व्हिडिओतले सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांनी हातात नसलेला कप हातात घेतला, मान तिरकी केली. आमच्या डोळ्यांदेखत ते डॉक्टर झाले. "मुळाशी जायला पाहिजे," ते डॉक्टरांच्या आवाजात म्हणाले, "बाक हे फक्त लक्षण आहे." मग परत सेक्रेटरी होऊन त्यांनी त्याला उत्तर दिलं. प्रत्येक सभेआधी ते आमच्यातल्या प्रत्येकाची हुबेहूब नक्कल करून आपली उत्तरं घोटत होते, आणि नंतर तपासायला त्याचं चित्रणही करून ठेवत होते. त्यांना सगळं आधी कसं कळतं, याचा उलगडा झाला.

सभेत कुणाला तरी हसू फुटलं. खरे सेक्रेटरी व्हिडिओ बंद करायला धडपडत होते, त्यांचा बाण कोपऱ्यातल्या फुलीकडे निघाला होता.

"सोडू नका," बायको म्हणाली.

"अगं, हे बरं नाही."

"मी कुठे बरं म्हणाले. उजवीकडे ओढा."

मी ओढलं. सेक्रेटरी त्यांच्या माऊसने बाण वर न्यायचे, मी खेकड्याने खाली आणायचो. होडी वल्हवण्यासाठी राखलेला सगळा जोर मी तिथे लावला. फोनमधून बुटकी विचारत होती, "काय चाललंय? कोण हसतंय?" बायकोने आपला फोन माझ्या फोनजवळ धरला. व्हिडिओतल्या सेक्रेटरींनी आमच्या खालच्या मजल्यावरच्या नृत्यशिक्षिका केल्या, मग स्वतःच्या सासूबाई केल्या. सोफ्यावरचे पाय म्हणाले, "आईला मधे आणू नका." सभेत आता सगळेच मोकळेपणी हसत होते. मीही हसत होतो.

"आणि शेवटी," व्हिडिओतले सेक्रेटरी म्हणाले, "तक्रारवाले."

त्यांनी खांदे पाडले. हनुवटी आत घेतली. डोळे अर्धे मिटले आणि जगातल्या सगळ्या नळांचं पाणी आपल्याचमुळे थांबलं आहे अशा खोट्या दुःखाने नाकातून म्हणाले, "आपलं म्हणणं ऐकून घेतलंय. नोंदही केली आहे. बघू या काय होतं ते." मग त्यांनी घसा खाकरला, दोनदा, मधे एक अंतर ठेवून.

मी असा घसा खाकरत नाही. निदान तोवर माझी तशी समजूत होती. मी ताबडतोब बाण सोडून दिला, उलट फुलीकडे ढकलू लागलो. बायकोने माझ्या हातातून खेकडा काढून घेतला.

"आता तुमची पाळी आलीय तर राहू द्या," ती म्हणाली, आणि तिने इतक्या सफाईने बाण खाली दाबून धरला की तिचा हा गुण मला इतक्या वर्षांत कसा दिसला नाही कळत नाही. फोनमध्ये बुटकी हसत होती. ती लहानपणी हसायची तशी, आवाज निघत नाही आणि मग एकदम हुंदक्यासारखा येतो तशी. "बाबा," ती मधेच म्हणाली, "ते खाकरणं." आणि पुन्हा हसत सुटली. मला राग आला होता, पण तो नीट धरून ठेवता येईना.

अखेर वर कुणीतरी लॅपटॉप दाणकन मिटला. सभा संपली. बाकाचा ठराव मांडायचाच राहिला.

थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. मी ती ओळखतो, आमच्या डोक्यावरच वाजत असतात. बायको झटकन स्वयंपाकघरात गेली आणि तिथे भांडी आपटून आपण कामात आहोत असं दाखवू लागली. मी खेकडा सोफ्यावरच्या उशीखाली सारला आणि दार उघडलं.

सेक्रेटरी लॅपटॉप घेऊन आले होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. ते आत आले आणि सरळ त्याच उशीवर बसले.

"सभेला नव्हतात तुम्ही," ते म्हणाले.

"ही होती. मी जरा..." मी घसा खाकरला, आणि पहिल्यांदाच तो मला स्वतःला ऐकू आला.

"माझ्या लॅपटॉपमध्ये काहीतरी शिरलं होतं," ते म्हणाले. "व्हायरस असेल असं डॉक्टर म्हणतात. पण गोंधळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना आली होती. बाकी सगळे माझा तमाशा बघत होते, म्हणून कुणी वाचली नाही. कंट्रोलरची बॅटरी कमी आहे, अशी." त्यांनी शांतपणे लॅपटॉप उघडला. "म्हटलं, एकेक गोष्ट वगळत जाऊ."

त्यांनी एक कळ दाबली.

त्यांच्या बुडाखालची उशी घरघरली.

ते हलले नाहीत. त्यांनी कळ परत दाबली. उशी परत घरघरली. स्वयंपाकघरातली भांडी गप्प झाली. पोलीस, सोसायटी, ऑफिस, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. माझ्यासारख्या माणसाच्या अब्रूला एवढ्या वर्षांत कधी डाग लागला नव्हता, आणि आता लागणार तोही खेळण्यापायी.

"मुद्दाम नव्हतं," मी म्हणालो. आणि ते पूर्ण खरं नसल्यामुळे पुढे म्हणालो, "सुरुवातीला."

"बाण खाली ओढून धरत होतात तुम्ही."

"शेवटी शेवटी मी धरत होते," बायको पदराला हात पुसत दारात येऊन म्हणाली. "माझं चुकलं. पण तुम्ही यांचा आवाज काढलात ना, तेव्हा मला सोडवेना."

सेक्रेटरींनी लॅपटॉप मिटला. "डॉक्टरांचा फोन आला होता," ते म्हणाले. "मला वाटलं भांडतील. ते म्हणाले, परत एकदा करून दाखवाल का, बायकोला आवाज ऐकू आला नाही. नृत्यवाल्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे आणखी कोण कोण आहेत." मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "खरं सांगा. तुमचा आवाज मी जास्तच नाकातून काढला का?"

शिव्या खाण्याच्या तयारीत उभ्या असलेल्या माणसाला हा प्रश्न पचत नाही. मी बायकोकडे पाहिलं.

"नाकातलं बरोबर होतं," ती विचार करून म्हणाली. "पण हे बोलताना डाव्या हाताने खिसा चाचपतात. तेवढं राहिलं."

"खिसा," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी चाचपून पाहिलं. "असा?"

"जरा वर."

माझ्याच घरात, माझ्याच समोर, माझीच तालीम चालू झाली. मी कॉम्प्युटरकडे गेलो. एखाद्याने जावं तरी कुठे. टेबलावरचा माझा फोन अजून चालूच होता.

"बाबा," बुटकी त्यातून म्हणाली, "मी एक विचारू? ते नखाएवढं जे आणलंस, ते कुठे लावलंयस?"

"मागे. दुकानदाराने सांगितलं तसं."

"मागे म्हणजे? कॉम्प्युटरच्या मागे काय आहे?"

"कपाट."

"कसलं?"

"लोखंडी," मी म्हणालो.

इकडे तालीम थांबली. दातांचे डॉक्टर, मदतकेंद्र, सेक्रेटरी, यांच्यापैकी कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता. कॉम्प्युटरचं पत्र्याचं खोकं आणि लोखंडी कपाट यांच्या सांदीत तो बिचारा डोंगल तोंड दाबून बसला होता, आणि लोखंडाआड त्याचा सिग्नल अडत होता. मी वाकून तो मागून उपटला आणि पुढच्या खाचेत लावला. सेक्रेटरींनी आपल्या लॅपटॉपमधून खेकड्याचं नाव काढून टाकलं. टाकताना लॅपटॉपने विचारलं, तुमची खात्री आहे का. ते म्हणाले, "अगदी," आणि उशीखालून खेकडा काढून माझ्या हातात दिला.

मी बॅटरी बदलली आणि मधलं बटण दाबलं. दिवा लुकलुकला. स्थिर झाला. होडीतल्या माझ्या माणसाने वल्हं उचललं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेक्रेटरी आणि बायको खिशाच्या उंचीवर बोलत परत बाहेरच्या खोलीत गेले होते. मी वल्हं मारलं, बुटकीने मारलं. होडी वाकडी गेली, सरळ झाली, पुन्हा वाकडी गेली.

"डावीकडे दगड आहे," ती म्हणाली.

"पाहिला."

"तू जरा हळू मार. हं. असं."

आम्ही काही अंतर असेच गेलो. नदी शांत होती, काठावर झाडं होती, आणि एकमेकांकडे न बघता बोलायला होडीइतकी चांगली जागा नसावी. कारण तिने एकदम, वल्हवता वल्हवता, आवाज न बदलता म्हटलं, "बाबा, मला इथे करमत नाही."

"कधीपासून?"

"आल्यापासूनच. आईला नाही सांगितलं. ती लगेच निघून येईल."

"येईल," मी म्हणालो. "पिशवी भरूनच ठेवलेली असते तिची."

"ऑफिसात सगळे एकमेकांना ओळखतात. मला जेवताना कुठे बसायचं तेच कळत नाही. म्हणून मी जागेवरच जेवते. तू विचारतोस ना, काय जेवलीस? मला आठवतच नाही रे."

मला पुढचा दगड दिसत होता. चांगला मोठा होता. पण आता तिला 'उजवीकडे' म्हणणं मला जमेना, आणि तीही बोलायची थांबली नाही. होडी जाऊन दगडाला धडकली, वळली आणि तिथेच टेकून राहिली. खेकडा माझ्या हातात एकदा घरघरला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न आला, पुन्हा सुरू करायचं का?

बाहेरच्या खोलीत बायको सेक्रेटरींना म्हणत होती, नाही नाही, ते इतके वाईट नाहीत, जरा मवाळ करा. मी दार लोटून घेतलं, परत येऊन बसलो आणि म्हणालो, "शेजारच्या टेबलावर कोण बसतं? तिथपासून सांग."

तिने सांगायला सुरुवात केली. दगडाला टेकलेली होडी तिथेच डुलत राहिली, आणि जेवायला हाक येईपर्यंत आम्ही दोघांनीही कुठलंच बटण दाबलं नाही.